बांधापुरते शॉकअप

मानशीवाडो, सासष्टी, गोवा
रविवार, ८ ऑक्टोबर २०२३

प्रिय मिंगेल,

तू, फिलू आणि तुमची मुलगी तिथे सुखरूप असाल असं धरून चालतो. आम्ही इथे देवाच्या दयेने आहोत. पाऊस परतीला लागलाय, खाजनातलं भात पिवळं पडायला लागलंय, आणि पाववाला पोदेर अजून सहाच्या ठोक्याला भोंगा वाजवत येतो. इगर्जीत नवा पाद्री आलाय. पोरगेलासा आहे, मिस पाऊण तासात आटपतो. म्हातारे नाराज आहेत आणि बाकी सगळे खूश आहेत.

माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला नाही. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी काहीतरी वेडंवाकडं बोलून बसेन, म्हणून कागद घेतला. शिवाय काम यंत्राचं आहे. तू बावीस वर्षं बोटींच्या इंजिनात काढलीस, आता तिथे गॅरेजात आहेस. मग मी विचारायचं कोणाला? मोटारसायकल स्टँडवरच्या गाढवांना?

माझ्या तिनाचं तुला फिलूच्या बहिणीकडून कळलं असेल. नसेल तर ऐक. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून डायलिसिस चालू आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार, मडगावला. कपेलीच्या चर्चपासून पुढे डांबरी रस्ता, रिक्षा मिळते, तिथे काही त्रास नाही. त्रास आहे तो आपल्या घरापासून कपेलीपर्यंतच्या सव्वा किलोमीटर बांधाचा. बांधावर रिक्षा येत नाही हे तुला सांगायला नको. यंदाच्या पावसाने वरची माती धुऊन नेली आणि चिरे उघडे पडले. जाताना ती कशीबशी बसते. येताना मात्र चार तास मशीनला लागून अंगात काही उरलेलं नसतं, आणि माझी मोटारसायकल तिला खालून दणके देत असते.

परवा शुक्रवारी मानशीच्या, खाडीचं पाणी अडवायच्या दरवाजापाशी तिने गाडी थांबवायला लावली. खाली उतरली, ओकली, पदराने तोंड पुसलं. (हो, आता झग्यावर ओढणी घेते, तिला थंडी वाजते, मी अजून पदरच म्हणतो.) मग चिऱ्यावर बसून अगदी शांतपणे म्हणाली, "रुझार, आठ डिसेंबरचं कपेलीचं फेस्त होऊ दे. त्यानंतर मी बसणार नाही."

"कशावर?"

"तुझ्या मोटारसायकलवर. मशीनचा मला त्रास नाही, सुईचाही नाही. हा बांध मला मारतो. आठवड्यातून सहा वेळा मारतो. फेस्तानंतर घरात काय व्हायचं ते होऊ दे."

डायलिसिस बंद केलं तर दहा-बारा दिवस, असं डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलंय. तिलाही सांगितलंय, मला नंतर कळलं.

मी म्हटलं, खुर्चीत बसवून चौघं जण नेतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा खुर्चीचं नाव काढलं नाही. होडीचं म्हणशील तर ओहोटीला कंबरभर चिखल, आणि हॉस्पिटल काही भरती बघून वेळ देत नाही. उरली मोटारसायकल. म्हणून मी ठरवलंय. फेस्ताच्या आत गाडीचं मागचं अंग असं करायचं की तिनाने विचारलं पाहिजे, बांध कुठे गेला? हसू नकोस. मी हट्टाला पेटलो की कसा असतो ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

आता यंत्राचं. गाडी तीच, शंभर सीसीची, काळी, पिवळ्या मडगार्डची. मागचे दोन्ही शॉकअप चौदा वर्षांचे. त्यांना पाच खाचा असतात, तुला माहीत आहे, पाना लावून फिरवलं की स्प्रिंग दाबून बसते. मी पायलट झालो, भाड्याने माणसं मागे बसवायला लागलो, त्या दिवसापासून पाचव्या खाचेवर ठेवतो, सगळेच पायलट ठेवतात. मागे शंभर किलोचा गडी, त्याच्या मांडीवर गॅसचा सिलिंडर, गाडी खाली बसून चालत नाही. तिना आता एक्केचाळीस किलो आहे. मी पहिल्या खाचेवर आणलं. गाडीचं बूड खाली बसलं, बाकी काही फरक नाही. वर एका शॉकअपचं तेल गळून गेलेलं, त्यामुळे एक दणका बसला की गाडी होडीसारखी तीनदा वरखाली होते. तिला आणखी मळमळलं.

मग मडगावला जाऊन नवी जोडी आणली, मागे गॅसची डबी लावलेली, चकाचक. दुकानदार म्हणाला, "अंकल, ही घाला, ढगात बसल्यासारखं वाटेल." घरी बलकांवात, पुढच्या ओट्यावर, गाडी मेन स्टँडवर घेतली, चाकाखाली फळी सारली, नटांना आदल्या दिवशीच डिझेल पाजलं होतं, तरी डावीकडचा वरचा नट सुटता सुटेना. पान्यावर उभा राहिलो तेव्हा सुटला. जोडी बसवली. आणि ढग कसले, दगड! ती जोडी दोन धट्टीकट्टी पोरं ऐंशीच्या स्पीडने जायला केलेली, एक्केचाळीस किलोची बाई सायकलच्या वेगाने जायला नाही. सांतान पोट धरून हसला. सांतान तुला आठवत असेल, गोदीत वेल्डर होता, आता माझ्याच स्टँडवर पायलट आहे.

तर विचारायचं ते हे: कमी वजनाला मऊ आणि तरी तळाला न आपटणारं असं काही करता येतं का? मला नेमकं सांग. नुसतं "नवीन गाडी घे" असं लिहू नकोस.

तुझा,
रुझार

ता.क. तिना तुम्हा सगळ्यांना नमस्कार सांगते. हे खोटं आहे, तिला या पत्राचं माहीत नाही. पण माहीत असतं तर सांगितला असता.


मानशीवाडो
रविवार, २९ ऑक्टोबर २०२३

प्रिय मिंगेल,

सगळे बरे असाल. इथे कापणी सुरू झाली. पोस्टातली बाई म्हणते इंग्लंडला पत्र दहा दिवसांत जातं, म्हणजे तुला मिळून आठवडा तरी झाला. तू उत्तर दिलं नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं, तेव्हा चालू दे. मी मात्र लिहिणार, कारण काम पुढे सरकलंय आणि ते दुसऱ्या कोणाला सांगण्यात मजा नाही.

आधी फजिती. मी म्हटलं, शॉकअप तेच ठेवू, स्प्रिंग बदलू. एका जुन्या स्कूटरची बारीक तारेची स्प्रिंग मिळवली. पण शॉकअपवरून स्प्रिंग काढायची तर ती दाबून धरावी लागते, आणि ते दाबायचं यंत्र माझ्याकडे कुठलं? दोन पट्ट्या, दोन लांब बोल्ट, आणि आपली अक्कल. अर्धी दाबली गेली आणि एक पट्टी सटकली. स्प्रिंग बलकांवातून जी उडाली ती थेट चुलीवर. तिनाची पेजेची मडकी फुटली. ती आतून ओरडली, "रुझार, मला मारायचंच असेल तर बांध आहे ना, घरात कशाला?" ती ओरडली याचाच मला एवढा आनंद झाला की मी पेज पुसत बसलो आणि हसत बसलो. कित्येक दिवसांत तिचा आवाज चढला नव्हता.

मऊ स्प्रिंग शेवटी बसवली. तिना मागे, मी पुढे, आणि मानशीच्या उंचवट्यावर गाडी तळाला अशी आपटली की माझे दात एकमेकांवर वाजले. माझे चौऱ्याहत्तर किलो मी हिशेबात धरलेच नव्हते. तिना घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी तोंड पाडून बसलो होतो. सांतान म्हणाला, "तुला नक्की कुठे लागतं ते माहीत आहे का?"

"मला कुठे? तिला लागतं."

"तेच म्हणतो. तू कधी मागे बसलायस?"

मिंगेल, मी एकतीस वर्षं पायलट आहे. एकतीस वर्षांत स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर मी एकदाही बसलेलो नाही. आमच्यात कोणी बसत नाही. स्टँडवर पायलट मागे बसलेला दिसला तर बाकीचे त्याला महिनाभर 'पॅसेंजर' म्हणून हाक मारतात. सगळे म्हणतात पाचवी खाच, तर पाचवी खाच. पुढे बसणाऱ्याला काय कळतंय? पुढे काही लागतच नाही.

सांतानने चावी घेतली. मी म्हटलं, चल, बांधावर चल, आणि तिच्यासारखाच एका बाजूला पाय टाकून बसलो. कपेलीपाशी पोरं बघून ओरडली, "पॅसेंजर! पॅसेंजर!" ओरडू दे म्हटलं. पहिल्या शंभर पावलांत माझी कंबर बोलायला लागली. मानशीपर्यंत जाईतो पोटातलं ढवळलं. मी धडधाकट माणूस, सकाळी चार पाव खाऊन निघालेला. चौदा महिने मी तिला याच्यावरून नेतोय. वर आरशात बघून म्हणायचो, "झालं, झालं, आलंच घर." मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. घरी पोचल्यावर मी तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "तिना, मी आज मागे बसलो." ती म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही, माझं चुकलं." तिने माझा हात घेऊन पोटावर ठेवला, इतकंच.

तेव्हापासून काम नीट चाललंय. सांतान म्हणाला, स्प्रिंगच्या मागे लागू नकोस, शॉकअपची जागा बदल. चिमटा असतो ना, ज्यात मागचं चाक बसतं, त्याच्या टोकाला शॉकअपचं खालचं तोंड असतं. ते चार बोटं पुढे, सांध्याकडे आणायचं. दार बिजागरीजवळ अडवून धरणाऱ्याला जास्त जोर लागतो, तसं. चाक टोकाला ढकलणार, शॉकअप आतल्या बाजूला झोंबणार, म्हणजे जाड स्प्रिंगसुद्धा मऊ लागते, आणि चाकाला वर जायला जागाही जास्त मिळते. म्हणजे तो दगडासारखा नवा जोड फुकट गेला नाही. त्याच्या मूळ स्प्रिंगा परत चढवल्या, या वेळी पट्ट्यांना साखळी बांधून.

सांतानने दोन जाड पट्ट्या कापून आणल्या, भोकं पाडली, आणि माझ्या बलकांवात वेल्डिंग केलं. मी त्याला तीनदा विचारलं, "तुटणार नाही ना?" तिसऱ्या वेळी त्याने काच वर केली. "रुझार, मी बोटींची बुडं जोडली आहेत. समुद्रात. तुझी बायको काय बोटीपेक्षा जड आहे?" तरी मी चिमट्यावर उभा राहून नाचलो. तुटला नाही.

आता माझ्या मागे कोण बसतं विचार. मिठाचं पोतं. मिठागरातून बरोबर एक्केचाळीस किलो मोजून आणलंय, सीटवर बांधलंय, वर पाण्याने काठोकाठ भरलेला डबा. रोज सकाळी बांधावरून जाऊन येतो आणि डब्यात किती पाणी उरलं ते बघतो. पहिल्या दिवशी अर्धा डबा सांडला. काल दोन बोटं. लोक दारात येऊन बघतात. म्हातारी पेद्रीन विचारते, "रुझार, ही पॅसेंजर बोलत नाही का रे?" एकदा पोत्यासकट गाडी आडवी झाली. मागची बाजू अर्धा इंच खाली बसली होती, त्यामुळे साइड स्टँड लांब पडत होता आणि गाडी धड कलत नव्हती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. स्टँडही कापला. तिना उतरताना असं झालं असतं तर? विचार करवत नाही.

पंचायतीतली नवी पंच बाई परवा कपेलीपाशी भेटली. रस्त्याचं काहीतरी विचारत होती. मी म्हटलं, सध्या मला वेळ नाही, माझे शॉकअप उघडे पडलेत.

चाकाचं टायर अजून त्या उंचवट्यावर मडगार्डला घासतं. त्याचं काय करायचं ते कळलं तर लिही. नाहीतर मी करतोच काहीतरी.

तुझा,
रुझार


मानशीवाडो
रविवार, १९ नोव्हेंबर २०२३

प्रिय मिंगेल,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधीची दोन फाडली असशील तरी चालेल, हे नको फाडू.

शॉकअप झाले. टायर घासत होतं त्याला मी जुन्या चपलांच्या रबराच्या चकत्या कापून शॉकअपच्या दांड्यावर घातल्या, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. आता अगदी शेवटी स्प्रिंग रबरावर टेकते आणि हळूच थांबते. मडगार्ड दोन बोटं वर उचललं. साखळी तिनाला मागे बसवूनच घट्ट केली, रिकाम्या गाडीवर केली असती तर वजन पडल्यावर ताणली गेली असती. मार्चमध्ये गाडीच्या पासिंगला साहेब काय म्हणेल ते म्हणो. मिठाच्या पोत्यावरचा डबा गेल्या रविवारी एक थेंबही न सांडता घरी आला. मी तो डबा तिनासमोर नेऊन ठेवला. ती म्हणाली, "पी आता."

तेरा तारखेला सोमवारी तिला पहिल्यांदा बसवलं. येताना अर्ध्या बांधावर तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. मला वाटलं चक्कर आली. गाडी थांबवून मान वळवली तर बाई झोपली होती. मिंगेल, ती त्या बांधावर झोपली! मी पाय खाली टेकून तसाच उभा राहिलो. पाय अवघडले, मागून एक सायकलवाला आला, त्याला हातानेच थांब म्हटलं. त्यानेही सायकल धरून वाट बघितली. डोळे उघडल्यावर ती म्हणाली, "का थांबलास?" मी म्हटलं, "पेट्रोल बघतोय." मी रडत होतो ते तिला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल.

इथे मला पत्र संपवता आलं असतं. मी तेच करणार होतो. पण काल जेवताना तिने विचारलं, "मिंगेलला पत्रं लिहितोस ना?"

"कोणी सांगितलं?"

"पोस्टातल्या बाईने. काय लिहितोस?"

"शॉकअपचं."

"आणि?"

"स्प्रिंगचं. चिमट्याचं."

ती पाव तोडायची थांबली. "रस्त्याचं?"

मी आणखी कालवण वाढून घेतलं.

"शॉकअप छान झालेत, रुझार," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. पण चार ओळी लिहायला नकोत म्हणून तू सहा आठवडे ते खोलत बसलास. उद्या पेद्रीन पडली तर? तिच्या वजनाचं मीठ मोजून आणणार आहेस? आणि तुला एकसष्ट झाली. एखाद्या दिवशी चिऱ्यावरून तूच घसरलास म्हणजे?"

मी म्हटलं, "फेस्तानंतर तू बसणार ना, तेवढं सांग."

"बसेन. एका अटीवर. उद्या रविवार आहे, लिही. सोमवारी आधी पोस्ट, मग हॉस्पिटल. पाकीट माझ्यासमोर आत गेलं पाहिजे. नाही गेलं तर तिथूनच परत फिरायचं, आणि मग मी कुठेच येणार नाही." आणि ती मला ओळखते तसा मीही तिला ओळखतो. ती म्हणते तसं करते.

म्हणून लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी पंचायत बांध रुंद करायला तयार होती. बांधाच्या या टोकाला आपली माडांची जमीन लागते, पप्पांची, त्यातली पट्टी द्यायला तुझी आणि माझी सही हवी होती. पप्पांनी तेव्हाच आपल्या दोघांच्या नावावर केली होती, म्हणाले, पोरांनो, देऊन टाका. तू इंग्लंडला जायच्या आधी सही केलीस. मी केली नाही. मी सगळ्यांना सांगितलं, पप्पांनी लावलेले सहा माड तुटतील. पप्पांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "अरे, माड मी लावलेत, मला वाईट वाटत नाही, तुला कसलं वाटतंय?" त्यातले चार माड पुढच्या वादळात तसेही पडले.

माडांचं काही नव्हतं, मिंगेल. वाड्यात अकरा घरं. शाळा, बाजार, इगर्ज, दवाखाना, सगळं बांधापलीकडे, आणि बांधावर एकच गाडी, माझी. रस्ता झाला असता तर रिक्षा दारात आली असती, मग रुझारच्या मागे कोण बसणार? हेच कारण. तिनालाही मी कधी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं, तर म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं." मग गप्प का राहिलीस, असं विचारायचं धाडस झालं नाही.

त्याच वर्षीच्या पावसात एका सकाळी पप्पांचं तोंड वाकडं झालं, डावा हात पडला. अँब्युलन्स वीस मिनिटांत आली, पण कपेलीपर्यंतच. गाडीवर बसवायला ते बसू शकत नव्हते. खुर्चीला बांबू बांधून आम्ही चौघांनी उचललं. उजव्या बाजूला पुढे मी होतो. पावसाचा चिखल, पाय सरकत होते, प्रत्येक दहा पावलांवर टेकावं लागत होतं. पप्पा माझ्याकडे बघत होते. बोलता येत नव्हतं, पण बघत होते. मानशीपाशी आम्ही खुर्ची टेकली आणि पुन्हा उचलायला गेलो तेव्हा ते गेले होते. तिथून अँब्युलन्सचा लाल दिवा फिरताना दिसत होता. तू तेव्हा इथे नव्हतास, तुला हे कोणी नीट सांगितलं नाही. मीच सांगायला हवं होतं.

तू तिसऱ्या दिवशी आलास. सिमितेरीत माती टाकून झाली, लोक अजून उभे होते, आणि तू माझ्यासमोर येऊन विचारलंस, "पप्पांना बांधावरून न्यायचं भाडं किती घेतलंस, रुझार?" मी तुझ्या तोंडात मारली. बापाच्या मातीवर, सगळ्या गावासमोर, धाकट्या भावाच्या तोंडात. लोक म्हणाले दुःखात माणसाचं डोकं फिरतं. माझं डोकं फिरलं नव्हतं. तू बरोबर विचारलं होतंस म्हणून मारली.

त्या थपडेची माफी मागतो. वाड्यात कोणीही विचारलं तर त्यांच्यासमोरही मागेन.

आता कागदाचं. त्या पंच बाईच्या घरी मी आज मिसानंतर स्वतः गेलो. जुनी संमती बाद झाली, दोघांच्या सह्या नव्याने लागतात. माझी सही तिच्यासमोर झाली आहे, तिने शिक्का मारला. कागद या पाकिटात आहे. तुझी सही खाली, तिथल्या वकिलासमोर करायची, बाईने कुठे काय लिहायचं ते पेन्सिलीने खूण करून दिलंय. तो आला की काम एप्रिलमध्ये सुरू करू म्हणते. तोवर मी तिनाला नेईन, सोमवार, बुधवार, शुक्रवार, या शॉकअपवर, आणि हे शॉकअप मोडले तर दुसरे करीन.

रस्ता झाला की माझं पायलटपण संपलं. सांतान म्हणतो तू वेडा आहेस, स्वतःच्या हाताने स्वतःच्या चुलीत पाणी ओततोस. ओतू दे. तू रागाने सही करणार असशील तर रागाने कर. मला पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस, नुसता कागद पाठव, तरी चालेल.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर, जे तेव्हा द्यायचं राहिलं. घेतलं, मिंगेल. अख्ख्या वाड्याकडून रोज घेत होतो, त्या सकाळी पप्पांकडून घेतलं.

सही कर.

तुझा मोठा भाऊ,
रुझार